शेलू म्हणजे कुठलं शेलू?

शेलूबाजारहून सैलानी बाबांच्या यात्रेला निघालो, तेव्हा टेम्पोत ताडपत्री, चूल, पाण्याचे ड्रम आणि अम्मींची बाज. बाजेवाचून त्यांना झोप लागत नाही! मालेगाव, मेहकर, चिखली करत पिंपळगाव सराईजवळचा माळ गाठेपर्यंत मार्चचं ऊन डोक्यावर आलं होतं. होळीला नारळांची होळी, रंगपंचमीला संदल. तोवर कितीतरी कुटुंबं इथेच पाल ठोकून राहतात.

आम्ही हौसेने कव्वालीच्या मंडपाला लागूनच पाल टाकला. पडल्या पडल्या ऐकता येईल म्हणून. रात्री ढोलक भोंग्यातून असा घुमायला लागला की चार वर्षांची धाकटी कान दाबून रडू लागली. तिला समजावतोय तेवढ्यात थोरला उठून मंडपात गेला. सगळे पाल सारखेच, त्याला परत सापडेना. पाऊण तास आम्ही अंधारात हाका मारत फिरलो. शेवटी एका बांगडीवाल्या खालाजवळ तो टाळ्या वाजवत बसलेला दिसला. तिने गाव विचारलं तर म्हणे, 'शेलू'. आता वर्ध्याकडे सेलू, परभणीकडे सेलू, ती बिचारी कुठे पाठवणार?

यंदा पाल मंडपापासून लांब, बांबूला अम्मींची लाल ओढणी. पोरांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी. कव्वालीला पाळीपाळीने जायचं, एक मोठं माणूस पालात जागं. टेम्पोत जागा कमी पडेल, बाज राहू द्या म्हटलं, तर अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. बाज येणार आहे.