‘हलू नकोस’ हे चार वर्षांच्या मुलीला कसं सांगणार?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा मेंदूचा एमआरआय करायचा होता. वय वर्षं चार. दोनदा झटके आले होते, त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. मशीनचा ‘ठक ठक ठक’ आवाज सुरू झाला आणि पोरगी उठून बसली. एकदा नाही, तीनदा. शेवटी टेक्निशियनदादा म्हणाले, ‘ताई, भूल देऊनच करावं लागेल. पुढची तारीख घ्या.’ पुढची तारीख मिळाली सोळा दिवसांनंतरची! रिक्षात ती माझ्या मांडीवर बसून विचारत होती, ‘मावशी, मी काय चुकीचं केलं?’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक मशीनच्या बाजूने आहे. ही यंत्रं बनली तीच मुळी मोठ्यांसाठी. गेली काही वर्षं जगभरातले संशोधक नेमकी हीच चूक दुरुस्त करायच्या मागे लागले आहेत.

आधी सीटी स्कॅनकडे बघू. सीटी भराभर होतो, मूल हलायच्या आत संपतो. पण त्यात क्ष-किरण असतात. लहान मुलांच्या पेशी वेगाने विभागत असतात आणि त्यांच्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी हा किरणोत्सर्ग मोठ्यांपेक्षा जास्त जोखमीचा. किती जास्त? २०२३ मध्ये ‘एपीआय-सीटी’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातल्या नऊ देशांमधल्या सुमारे साडेनऊ लाख जणांची माहिती त्यात तपासली गेली. सगळ्यांचा पहिला सीटी वयाच्या २२ वर्षांच्या आत झालेला. म्हणजे अगदी माझ्या-तुमच्या वयापर्यंतची मुलं. निष्कर्ष असा की, आजच्या पद्धतीने १० हजार मुलांचा सीटी केला, तर पुढच्या साधारण बारा वर्षांत त्यातल्या एक-दोघांना त्या किरणोत्सर्गामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

हा आकडा व्हॉट्सॲपवर अर्धवट फिरला की काय होईल, याची कल्पना करा. ‘सीटी केला की कॅन्सर होतो!’ मग डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाचे आईवडील सीटीला नकार देतील, आणि मेंदूतला रक्तस्राव तर काही तासांतच जिवावर बेततो. म्हणून आकडा पूर्ण वाचायचा. दहा हजारांत एक-दोन ही जोखीम छोटी आहे. गरज असेल तेव्हा सीटी करायलाच हवा. पण गरज नसताना, ‘एकदा करून टाकू’ म्हणून केलेल्या प्रत्येक स्कॅनमध्ये ही छोटी जोखीम मूल फुकटच घेतं. २००८ मध्ये अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली ती यासाठीच. मुलांना मुलांच्या मापाचा डोस द्या, मोठ्यांच्या सेटिंगवर मशीन चालवू नका, एवढंच तिचं साधं म्हणणं. २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या ‘फोटॉन काउंटिंग’ सीटीची दिशाही तीच. त्यात क्ष-किरणांचा एकेक कण वेगळा मोजला जातो, त्यामुळे कमी डोसमध्येही चित्र स्पष्ट मिळू शकतं.

‘मग सरळ एमआरआयच करा ना, त्यात किरणोत्सर्ग नाही!’ बरोबर. पण तिथे अडचण स्थिर पडून राहण्याची, आणि त्यातून येणाऱ्या भुलीची. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता की, तीन वर्षांखालच्या मुलांना दीर्घ काळ किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, तान्हेपणी एकदाच, तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. म्हणजे एका भुलीने घाबरून जायचं कारण नाही. पण ज्यांना वर्षभरात चार-पाच वेळा स्कॅन लागतो, त्यांच्यासाठी भूल टाळता आली तर सोन्याहून पिवळं.

यावरचा एक भारी उपाय तर निव्वळ रंगाचा आहे! जीई कंपनीचा डिझायनर डग डिएट्झ याने स्वतः बनवलेल्या मशीनसमोर एका छोट्या मुलीला रडताना पाहिलं आणि तो हादरला. मग त्याच्या टीमने पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या स्कॅनरचं चाच्यांचं जहाज करून टाकलं. गोष्ट अशी सांगायची की, चाचे शोधतायत, तेव्हा अजिबात हलायचं नाही! आतलं यंत्र तेच राहिलं, पण भूल द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या घटली.

दुसरा उपाय मात्र यंत्रच बदलतो. नेहमीच्या एमआरआयचं चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. ते थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, वेगळी खोली लागते, कोट्यवधी रुपये लागतात. २०२० मध्ये अमेरिकेत ‘हायपरफाइन’ कंपनीच्या ज्या यंत्राला परवानगी मिळाली, त्याचं चुंबक फक्त ०.०६४ टेस्लाचं आहे. म्हणजे दीड टेस्लाच्या तुलनेत वीस पटींहून जास्त कमजोर. पण याला चाकं आहेत, ते भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालतं आणि थेट खाटेपाशी नेता येतं. आई शेजारी बसून मुलाचा हात धरू शकते. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला आणि मलावीत ब्लांटायरला तान्ह्या बाळांच्या मेंदूची वाढ अभ्यासायला ही यंत्रं वापरली जातायत. डोक्यात पाणी साठणाऱ्या, म्हणजे हायड्रोसेफलसच्या मुलांना पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. टाळू उघडी असेपर्यंत सोनोग्राफीने भागतं, पण टाळू भरली की पुढे काय? तिथे हे यंत्र कामाला येऊ शकतं.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. चुंबक कमजोर, तर सिग्नल कमजोर, आणि चित्र धूसर. मग ते स्वच्छ करायला एआय येतं. आपल्या फोनचा कॅमेरा अंधारातला फोटो उजळवतो ना, तसंच. आणि खरी मेख इथेच आहे. फोटोत चेहऱ्यावरचा तीळ पुसला गेला तर काही बिघडत नाही. स्कॅनमधला ‘तीळ’ पुसला गेला तर? शिवाय मोठ्यांच्या मेंदूवर शिकवलेलं एआय बाळांवर चालेलच असं नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने मेंदूतला पांढरा आणि करडा भाग एमआरआयमध्ये मोठ्यांच्या अगदी उलट दिसतो! म्हणजे पुन्हा तीच चूक होण्याची भीती. मोठ्यांसाठी बनवायचं आणि मुलांना त्यात बसवायचं.

म्हणून मला वाटतं, ‘किती शक्तिशाली मशीन आणलं’ या बातमीपेक्षा ‘ते कोणाच्या मापाचं आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांच्या गावी एमआरआय नाही. मुलाला घेऊन शहर गाठायचं, रोज बुडवायचा, आणि मूल हललं म्हणून परत फिरायचं. अशा घरासाठी थोडं धूसर पण जवळ असलेलं यंत्र मोलाचं ठरू शकतं. अट एकच, ते काय दाखवू शकत नाही हे डॉक्टरांना नेमकं ठाऊक हवं.

तोवर आपल्या हातात काय? घरातल्या कुठल्या बाळाला स्कॅन सांगितला, तर तीन प्रश्न विचारा. सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का? डोस मुलाच्या वजनानुसार लावलाय ना? आधीचा स्कॅन असेल तर तो चालेल का? डॉक्टर रागावत नाहीत, मी विचारून पाहिलंय. आणि तुम्ही फिजिक्स, कोडिंग किंवा डिझाइन शिकत असाल, तर या क्षेत्राला तुमची गरज आहे, डग डिएट्झही काही डॉक्टर नव्हता.

भाचीचा एमआरआय सोळा दिवसांनी झाला, भूल देऊनच. रिपोर्ट चांगला आला, गोळ्या सुरू आहेत. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, आता मी हलले नाही ना?’