औषधाची पदवी आणि भाड्याचे सर्टिफिकेट

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या पंचक्रोशीत एक निराळाच बाजार भरतो. डॉक्टरीस मार्क पुरले नाहीत, इंजिनियरीकडे पोराचे मन नाही, शेतीत राम उरला नाही असे तर बापच सांगतो. मग पोरास फार्मसीस घालावे असे पारावर ठरते. ठरविणारे कोण, तर तालुक्याच्या गावचा मेडिकलवाला, किंवा कॉलेजाकडून डोईमागे दलाली खाणारा एखादा एजंट. पोराचे मत कोणी विचारीत नाही, आणि त्या चार वर्षांत काय शिकावयाचे असते हे सांगणाऱ्यासही ठाऊक नसते. एवढेच सांगितले जाते, की पदवी हाती आली म्हणजे सर्टिफिकेट एखाद्या दुकानास भाड्याने लावून टाकू, घरबसल्या महिन्याचे पैसे येतील.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, या भाड्याच्या गोष्टीविषयीच आज आम्हांस तुमच्याशी दोन शब्द रोखठोक बोलावयाचे आहेत.

सन १९४८ साली फार्मसीचा कायदा झाला. त्याच्या ४२व्या कलमात असे आहे, की नोंदणी झालेल्या फार्मासिस्टावाचून दुसऱ्या कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध बनवू नये व देऊ नये. दुकानाचा मालक वाटेल तो असो, औषध देणारा हात शिकलेला पाहिजे, असा त्याचा अर्थ. कायदा गोरगरिबांच्या हिताचा आहे. पण आमच्या लोकांनी त्याचे काय केले? कागद दुकानाच्या भिंतीस टांगला आणि शिकलेला हात घरी बसविला. गल्ल्यापाशी उभा राहतो तो दहावी नापास झालेला पोर. त्यास आम्ही दोष देत नाही, तोही आमच्यातलाच आहे.

आता त्या दुकानात जातो कोण, ते पाहा. धनवानाचे घरचे आजारी पडले तर तो शहरात मोठ्या डॉक्टराकडे मोटार नेतो. दुकानाच्या फळीपाशी उभी राहते ती खुरपणीवरून परत आलेली आमची बाई, आणि म्हणते, "ताप हाय, काहीतरी गोळी दे." म्हणजे एका घरचा मुलगा सर्टिफिकेटाचे भाडे खातो, आणि शेजारच्या घरची म्हातारी त्या भाड्याची किंमत आपल्या मूत्रपिंडाने भरते. पुष्कळदा ती दोन्ही घरे एकाच भावकीतली असतात.

ही अतिशयोक्ती नव्हे. सांधेदुखीवर 'हमखास गुण येणारी' गोळी म्हणून चिठ्ठीवाचून जे दिले जाते, त्यात कित्येकदा डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड असते. गुण येतो, नाही कोण म्हणतो? पण महिनोन् महिने ते पोटात गेले म्हणजे रक्तातली साखर चढते, हाडे पोकळ होतात, आणि एकाएकी बंद केले तर माणूस कोसळतो. जंतुनाशक औषधाची गोष्ट तशीच. पाच दिवसांचे औषध पैसे नाहीत म्हणून दोन दिवसांचे कापून दिले, की काही जंतू जिवंत राहतात आणि पुढे त्याच औषधास दाद देत नाहीत. म्हणूनच २०१३ साली सरकारने क्षयाची व कडक जंतुनाशक औषधे वेगळ्या यादीत घातली. ती चिठ्ठीवाचून देऊ नयेत, आणि देताना रोग्याचे व डॉक्टराचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी, असा नियम केला. आपल्या गावच्या दुकानात ती वही पाहावयास मागा. जलसंजीवनीची पुडी तर पोरासोरांस ठाऊक. परंतु एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून हगवणीच्या लेकरास पाजली तर त्याचे बरे होण्याऐवजी वाईट होते, हे पुडी देताना सांगणारा कोणी पाहिजे की नको? जो सांगतो तो फार्मासिस्ट. जो नुसती पुडी देतो तो वाणी.

औषध म्हणजे केवढी गोष्ट आहे, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी गिधाडांकडे पाहावे, म्हणजे ती आता दिसत नाहीत तिकडे पाहावे. बैलाचे पाय सुजले, गाईचा सड सुजला, की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देण्याची चाल पडली होती. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. ढोर गावाबाहेर टाकले की घटकेत आभाळ काळे करणारा तो पक्षी काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. कारण २००४ साली संशोधकांनी दाखवून दिले, आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते औषध बनविणे बंद केले. एकाच औषधाने बैलाची सूज उतरते आणि गिधाड मरते. कोणाच्या पोटात, किती आणि किती वेळ, हा सगळा हिशेब ज्या शास्त्रात आहे ते या पदवीच्या अभ्यासात शिकवितात.

पदवीचा अभ्यास चार वर्षांचा, आठ सत्रांचा. त्यात शरीररचना आहे, रसायन आहे, वनस्पतींपासून मिळणारी औषधे आहेत, औषधांचा कायदा आहे. पण आमच्या वाचकांस जवळचा वाटेल असा भाग म्हणजे गोळी कशी बनते तो. हे अस्सल कारागिराचे काम आहे. औषधाची पूड घ्यावयाची, तीत स्टार्चची खळ घालून मळावयाची, चाळणीतून काढावयाची, वाळवावयाची आणि मग यंत्रात दाबावयाची. खळ म्हणजे काय हे कोष्ट्यास सांगावे लागत नाही. कमी पडली तर सूत तुटते, जास्त झाली तर ताठरते. गोळीचेही तसेच. खळ कमी झाली तर गोळी पाकिटातच भुगा होते. जास्त झाली तर पोटातून तशीच्या तशी निघून जाते आणि रोगी म्हणतो, औषध लागू पडत नाही. साधी, लेप नसलेली गोळी शरीराइतक्या ऊन पाण्यात पंधरा मिनिटांत विरली पाहिजे, असे देशाच्या औषधग्रंथात लिहिले आहे, आणि ते मांडून पाहण्याचे यंत्र प्रत्येक कॉलेजात असावयास पाहिजे. ज्याच्या आज्याने मागावर हात चालविला, त्याच्या नातवास ही विद्या परकी वाटू नये.

आणि हात चुकला तर काय होते? सन १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरीनात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, नुसत्या कारखान्याचीच नव्हे तर तपासणाऱ्या खात्याचीही लक्तरे बाहेर पडली. त्यास चाळीस वर्षे होत आली तोच २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध प्यालेली वीसहून अधिक लेकरे गेली, त्यांतली कित्येक उपचारासाठी आमच्या नागपुरास आणलेली होती. त्या औषधात तेच विष, शेकडा ४८हून अधिक! कच्चा माल तपासल्याखेरीज पिंपात ओतावयाचा नाही, हा या विद्येतला अगदी पहिल्या पायरीचा धडा. तो धडा कोणी तरी गिरविला नाही. चार वर्षे वर्गात न बसता पदवी घेणारा मुलगा उद्या अशाच एखाद्या पिंपापाशी सही करावयास उभा राहील, याची आम्हांस धास्ती वाटते.

कारण असे एजंट आहेत, जे म्हणतात, मुलगा आला नाही तरी चालेल, हजेरी आम्ही पाहून घेऊ. नियम शेकडा ८० हजेरीचा आहे. लोहाराचा पोर भात्यापाशी न बसता लोहार झाला, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याच्याकडून नांगराचा फाळ शेवटून घ्याल काय?

कॉलेजे पुष्कळ झाली आहेत. फार्मसी कौन्सिलने २०१९ साली नवीन कॉलेजांस पाच वर्षांची बंदी केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली उठविली. तेव्हापासून माळरानावर पाट्याच पाट्या दिसतात. कॉलेजे निघाली याचे आम्हांस वाईट वाटत नाही. विद्या खेड्याजवळ आली तर बरेच. परंतु इमारत पाहून भुलू नका. प्रयोगशाळेत जा. नळास पाणी आहे काय, तराजूवर धूळ आहे काय, गोळीचे यंत्र चालू करून दाखवा म्हटले तर चालते काय, एवढे तर न शिकलेला बापही पाहू शकतो. बैल घेताना दात पाहतोच की! कऱ्हाड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी फार्मसी कॉलेजे आहेत. मार्क चांगले असतील तर आधी तिकडे अर्ज करावा. खासगी कॉलेजाची फी सरकारी प्राधिकरण ठरवून देते; त्याहून जास्त किंवा पावतीवाचून जे मागितले जाईल ते देऊ नये. देणगी घेण्यास १९८७च्या कायद्याने बंदी आहे.

ज्यांस फक्त दुकान चालवावयाचे आहे, त्यांनी पदवीच्या मागे लागून कर्ज का करावे, हेही आम्ही विचारतो. दुकानास पदवीच पाहिजे असे नाही, दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या वाटेनेही तेथवर जाता येते. पुढे बुद्धी चालली तर डिप्लोमावाल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळतो. पदवी घ्यावी ती कारखान्यात औषध बनविण्यासाठी, प्रयोगशाळेत तपासण्यासाठी, सरकारात ड्रग इन्स्पेक्टर होण्यासाठी, किंवा पुढे शिकण्यासाठी. आरंभीचा पगार पुष्कळदा तुटपुंजा असतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एजंट हे सांगत नाही.

मुलींविषयी तर आमचे म्हणणे आणखी जोराचे आहे. २०२४-२५ सालापासून महाराष्ट्र सरकारने, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच, की प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असावा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर ही सवलत बुडते. तरी अजून मुलाच्या फीसाठी रान विकणारा बाप मुलीच्या फुकट फीचा अर्ज भरावयास सवड नाही म्हणतो! बाईमाणसाचे दुखणे बाईस सांगता येते. गावच्या दुकानात शिकलेली मुलगी उभी राहिली, तर किती बायका मुकाट्याने सोसणे सोडून चार शब्द बोलतील, याचा विचार करा.

मराठी शाळेतून गेलेली पोरे पहिल्या वर्षी इंग्रजीस भितात, हे खरे. आम्ही शिक्षक आहोत, आमच्याकडे तीच पोरे रडत येतात. पण त्या इंग्रजीचा बाऊ करू नये. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील अक्षरे तर इंग्रजीही नव्हेत, लॅटिनची तुटकी रूपे आहेत. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडेल तेव्हाच. झाले! पूर्वी पोथीची भाषा कळू दिली जात नव्हती म्हणून आमचे वाडवडील नाडले गेले. ही पोथी तर छापून बाजारात मिळते. पहिली सहा महिने रोज दहा शब्द वहीत उतरवणारा मुलगा वर्षअखेर शहरातल्या पोराच्या बरोबरीस येतो, असे आमच्या पाहण्यात आहे.

ज्यांनी सर्टिफिकेट आधीच भाड्याने दिले आहे त्यांस एवढेच कळवितो, की हा नुसता पोटापाण्याचा जुगाड नसून कायद्याने गैरवर्तन आहे. कौन्सिलच्या रजिस्टरातून नाव कमी होऊ शकते, आणि दुकानात चुकीचे औषध गेले तर पोलीस प्रथम भिंतीवरचे नाव वाचतात. २०१५च्या नियमांप्रमाणे दुकानातल्या फार्मासिस्टाने पांढरा डगला घालून त्यावर आपले नाव व नोंदणी क्रमांक लावावयास पाहिजे. औषध घेताना तो डगला कुठे आहे, असे प्रत्येकाने मोठ्याने विचारावे.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर हे कागद निकालाची वाट न पाहता तहसिलीतून काढून ठेवावे, मागाहून तेथे रांग लागते व तारीख टळते. अर्ज संगणकावर भरावा लागतो. ज्यांस तो भरता येत नाही त्यांनी पोरास किंवा पोरीस घेऊन रविवारी सकाळी शाळेत यावे, आम्ही तेथे असतो. येताना एजंटाचा फोन घरी ठेवून यावे.