आपला महाराष्ट्र कधी जिंकणार?

मंडळी, महाराष्ट्राच्या रणजी संघाचा चाहता असणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना कळायचे नाही. त्यांनी हा करंडक ४२ वेळा जिंकला आहे. आपण दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. कप्तान होते दि. ब. देवधर. संस्कृतचे प्राध्यापक आणि वय पन्नाशीला टेकलेले! त्यानंतर आजतागायत करंडक आपल्याकडे आलेला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे सत्तरी ओलांडली तरी आपला संघ करंडक उचलताना मी काही पाहिलेला नाही.

परदेशातल्या भाचे-पुतण्यांसाठी थोडा खुलासा करतो. महाराष्ट्र राज्य एक असले तरी क्रिकेटचे संघ तीन आहेत. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेला तो 'महाराष्ट्र'. त्याचा कारभार पुण्यातून चालतो. आपला जालना जिल्हा या महाराष्ट्रात येतो. पण जिल्ह्याची शीव ओलांडून देऊळगाव राजाला गेलात की बुलढाणा जिल्हा लागतो आणि तिथला माणूस विदर्भवाला होतो. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. मधे एवढीशी शीव, पण तिकडे पेढे आणि इकडे उसासे!

आणखी एक गंमत सांगतो. देवधरांचा संघ जिंकत होता तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादने १९३७-३८ साली रणजी करंडक जिंकला होता. म्हणजे महाराष्ट्र जिंकत होता तेव्हा आपण त्यात नव्हतो आणि आपण त्यात आलो तेव्हापासून तो जिंकलेला नाही. आमच्या पायगुणाचा हा पुरावा आहे असे कोणी म्हणू नये, एवढीच विनंती.

नुसते हरणे सोसता येते. जवळ जाऊन हरणे मात्र फार लागते. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, सोलकर, गावसकर हे सगळे वेस्ट इंडिजला गेलेले होते. सुधीर नाईकांनी उरलेल्या पोरांना घेऊन आपल्याला हरवले. १९९२-९३ ला पंजाबने हरवले. २०१३-१४ च्या मोसमात आपण मुंबईला वानखेडेवर धूळ चारली, केदार जाधवने हजारावर धावा केल्या आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गडी राखून आपल्याला घरी पाठवले.

पण जानेवारी २०२३ ने कहरच केला. ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध साखळीचा शेवटचा सामना होता. आपला पहिला डाव ३८४. मुंबईचा पहिला डाव? तोही ३८४! पहिल्या डावाची आघाडी कोणालाच नाही. सामना अनिर्णित राहिला आणि दोघेही बाद फेरीच्या बाहेर. एक धाव, फक्त एक धाव! पुढे २०२५ मध्ये केरळने जम्मू-काश्मीरविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावात एकाच धावेची आघाडी घेतली आणि तेवढ्यावर ते उपांत्य फेरीत गेले, तिथून अंतिम फेरीतही. एका धावेचे मोल काय असते ते महाराष्ट्राच्या चाहत्याला विचारावे.

नातवंडे म्हणतात, "आजोबा, रणजी कोण बघतं? आयपीएल बघा." बघतो की. तिथेही २०१७ साली पुण्याचा संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून एकाच धावेने हरला, तोही हैदराबादलाच. आणि पुढच्या वर्षी तो संघच उरला नाही! लिलावात घेतलेल्या संघावर माणसाने जीव लावावा तरी कसा? आज पिवळा सदरा, उद्या निळा. रणजीत तसे नाही. हल्ली बाहेरचे खेळाडू रणजीतही येतात हे खरे, पण संघाचा कणा अजून आपल्याच गावांतल्या पोरांचा असतो.

आणि ही पोरे आहेत हो! जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये १९ वर्षांखालील स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१३ साली रणजीच्या पहिल्याच सामन्यात नाबाद द्विशतक ठोकले. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कप्तान होता. बीडच्या सचिन धसने २०२४ मध्ये त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. विजयसाठी वरिष्ठ भारतीय संघाचे दार मात्र उघडले नाही. तेव्हा "संपला तो" म्हणणारे आपलेच लोक होते, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी त्याच्या नावाने फटाके उडवले होते. विशी-बाविशीच्या मुलाच्या खांद्यावर साऱ्या मराठवाड्याचे ओझे ठेवायचे आणि तो वाकला की टाळ्या बंद करायच्या, हा कुठला न्याय? शाळेत मी मुलांना एका चाचणीवरून कधी जोखले नाही. खेळाडूलाही जोखू नये.

माझी तक्रार खेळाडूंशी नाही. जालन्याच्या, बीडच्या, परभणीच्या मुलाने चेंडू बरा मारला की पहिला सल्ला मिळतो, 'पुण्याला जा.' ज्याच्या बापाला खोलीचे भाडे आणि मेसचा डबा परवडतो तो जातो. बाकीचे इथेच टेनिस चेंडूच्या स्पर्धा खेळून म्हातारे होतात. नाशिकला रणजी सामने होतात, २०२४ मध्ये सोलापुरालाही झाला. मग दर मोसमात एक सामना मराठवाड्यात का होऊ नये? चार दिवस खरे क्रिकेट डोळ्यांनी पाहिलेले पोर आणि मोबाईलवर षटकार पाहणारे पोर यांत फरक पडतोच. संयम ही पाहून शिकायची गोष्ट आहे.

विदर्भाकडे पाहून मला आशा वाटते. कित्येक दशके त्यांना कोणी मोजत नव्हते. मग चंद्रकांत पंडितांसारखा कडक मास्तर मिळाला, फैज फजलसारखा घरचा कप्तान मिळाला आणि २०१७-१८ मध्ये पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठून त्यांनी थेट करंडक उचलला. शेजाऱ्याच्या शेतात पाऊस पडला म्हणजे ढग फार लांब नाहीत.

यंदा नाही तर पुढच्या वर्षी. माझ्या हयातीत झाले तर पेढे मी वाटीन. नाही झाले तर ते काम नातवंडांनी करावे, त्यांना रणजी आवडो न आवडो. तोपर्यंत सकाळी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात बारीक टाइपात धावफलक असतो, तो मी भिंग घेऊन वाचत राहीन. असो.