सगळं रेझिन सारखं नसतं हो!

विंडसर्फिंगचा बोर्ड फुटला की आपल्याकडे सल्ले ठरलेले असतात. पहिला : "टेन्शन कसलं घेतोस, फायबरवाल्याकडे टाक, संध्याकाळपर्यंत करून देईल." दुसरा : एम-सील लाव. तिसरा : सिलिकॉन फास. माझं स्पष्ट मत असं की पहिला सल्ला म्हणजे बोर्डाचा खून आणि तिसरा म्हणजे खुनाचा प्रयत्न. दुसऱ्याचं नंतर बघू.

आता कारण. आजकालच्या बहुतेक बोर्डांच्या पोटात काय असतं? थर्माकोल! म्हणजे ईपीएस, पॉलिस्टायरीनचे फुगवलेले दाणे. 2018च्या बंदीआधी गणपतीचं मखर ज्याचं व्हायचं त्याच जातीचा माल. त्यावर पीव्हीसी फोमचा काही मिलिमीटरचा पातळ थर, आणि खाली-वर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. सगळी ताकद या पातळ कातडीत असते. आतला थर्माकोल फक्त दोन कातड्या एकमेकींपासून लांब धरून ठेवतो.

आणि फायबरवाल्याच्या डब्यात काय असतं? जीपी रेझिन, म्हणजे पॉलिस्टर. ते पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरीन घातलेलं असतं. हे स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. विश्वास बसत नसेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर पेट्रोलचे चार थेंब टाकून बघा (बाहेर उघड्यावर, गॅसपासून लांब), साधारण तोच प्रकार. म्हणजे वरून पॅच कडक आणि चकचकीत, आणि खाली पोकळी!

गोव्यात एका मित्राच्या बोर्डाचं नेमकं हेच झालं. मास्ट आपटून नाकाला भेग पडली होती, एवढंच. कारागीर म्हणाला, "साहेब, होड्यांना हेच लावतो, वर्षानुवर्षं टिकतं." तो खोटं बोलत नव्हता बरं का. फायबरच्या होडीला तेच रेझिन बरोबर आहे, कारण तिची भिंतच पॉलिस्टरची असते. माझा राग त्याच्यावर नाहीच. राग आहे तो "एवढा अनुभव आहे, म्हणजे चालेल" म्हणून बोर्ड टाकून येणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांवर. एक लायब्ररी अपग्रेड करायची तर आम्ही तीन मीटिंगा घेतो, आणि इथे डब्यावरचं लेबलसुद्धा वाचत नाही!

दोन आठवड्यांत त्या बोर्डाचं नाक अंगठ्याने दाबलं तरी आत जायला लागलं. बरं, हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. किनाऱ्यावर सकाळचा वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. अशा वेळी आत बोर्डाने दगा दिला तर वारा तुम्हाला परत आणत नाही, आणखी लांब नेतो. तिथे बोर्ड हीच तुमची होडी असते.

तर इपॉक्सीच घ्या. त्यात स्टायरीन नसतं आणि ते जुन्या पॉलिस्टरलाही चिकटतं. उलट मात्र खात्रीचं नाही, इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. सोबत विणलेलं कापड घ्या, फायबरवाल्याकडची चुरा दाबून केल्यासारखी दिसणारी मॅट नको. त्या मॅटमधला चिकटवणारा पदार्थ बहुधा स्टायरीनमध्ये विरघळेल असा असतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट नीट बसत नाही. आणि कृपा करून "लवकर वाळावं" म्हणून हार्डनर जास्त ओतू नका. पॉलिस्टरचा कॅटॅलिस्ट थोडा कमी-जास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनर हा अर्धा भागीदार असतो, प्रमाण चुकलं की माल चिकट राहतो तो राहतोच. डब्यावर लिहिलंय तेवढंच, वजनकाट्यावर मोजून.

जुना बोर्ड असेल तर आधी तो कशाचा आहे ते बघा. हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांच्या मूळ विंडसर्फरसारखे जुने बोर्ड पॉलिथिलिनच्या कवचाचे असतात. त्याला इपॉक्सीसुद्धा धड धरत नाही, तिथे प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं.

पण या सगळ्याआधी बोर्ड वाळवा. दाण्यांच्या फटींतून पाणी आत शिरतं आणि भेग बुजवली की तिथेच कोंडतं. भेग खाली येईल असा बोर्ड सावलीत ठेवा, रोज वजन करा, आकडा उतरायचा थांबला की काम सुरू. पावसाळ्यात कोकणात याला आठवडेच्या आठवडे लागतील. लागू देत. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पॉलिश पेपर मारायच्या आधी पाण्याने धुऊन काढा. शेवटी रंग मारा, कारण उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून खराब होतं.

सिलिकॉन का नको? एकदा ते फासलं की त्या जागी नंतर काहीच चिकटत नाही, आणि ते पूर्ण निघतही नाही.

हां, एम-सील राहिलं. तेही इपॉक्सीच, त्यामुळे थर्माकोल खात नाही. पण जड असतं, आत कापड नसतं, बोर्ड वाकला की तडकतं. सुट्टीचे दोन दिवस उरलेत, भेग बोटाएवढी आहे आणि आतून कोरडी आहे, तर खुशाल लावा. घरी आल्यावर मात्र खरवडून काढा.