चाळिसाव्या दिवसानंतर

आपल्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस मनापासून पाळले जातात. माहेरी शेक-शेगडी होते, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू होतात, मालिशवाली येते, थंड पाण्यात हात घालू दिला जात नाही. चाळिसाव्या दिवशी अंघोळ, नवे कपडे, आणि मग काही दिवसांत मुलगी बाळाला घेऊन सासरी जाते. रिवाज चांगलाच आहे. माझी तक्रार चाळिसाव्या दिवसाबद्दल नाही, एक्केचाळिसाव्याबद्दल आहे.

माझी पहिली मुलगी आता पाच महिन्यांची आहे. सुरुवातीचे काही महिने बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा झोपवणे यात माझा सहज पाऊण तास जात असे. दिवसाला दहा वेळा धरले तर साडेसात तास झाले, म्हणजे ऑफिसची पूर्ण पाळी. फरक इतकाच की ऑफिस संध्याकाळी सुटते, हे काम रात्री एक वाजता, तीन वाजता आणि पाच वाजताही असते. त्याच्या मधल्या वेळेत चपात्या, भांडी, धुणे आणि बाळाला पाहायला आलेल्यांचा चहा. एवढे झाल्यावर ऐकायचे काय, तर “दिवसभर घरीच तर असते!”

बुजुर्ग बायका म्हणतात, “आम्ही सहा-सहा पोरं वाढवली, कधी बोललो का?” त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्या घरांत जावा होत्या, नणंदा होत्या, भिंतीपलीकडे शेजारीण होती. पोर रडले की कोणीतरी उचलून घेई. आज दोन खोल्यांच्या घरात नवरा कामावर गेला की हातांची एकच जोडी उरते. जुन्या काळाची अपेक्षा ठेवायची आणि जुन्या काळातली माणसे मात्र नाहीत, हा हिशेब जुळत नाही.

दीन काय सांगतो तेही पाहू. निफासच्या काळात बाईला नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. दूध पाजणाऱ्या आईला स्वतःची किंवा बाळाची काळजी वाटत असेल तर रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. बुखारी आणि मुस्लिममध्ये हदीस आहे की रसूलुल्लाह (स.) लांब नमाज पढवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि बाळाचे रडणे ऐकू आले की, आईच्या जिवाची घालमेल होईल म्हणून, नमाज आटोपशीर करत. बाळासाठी नमाज छोटी होऊ शकते, तर आपल्या घरात दोन भाज्यांची एक भाजी का होऊ शकत नाही?

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आईने दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो सगळ्यांना पाठ असतो. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, बाळापायी आईला त्रास होऊ नये असे बजावले आहे, आणि दूध सोडवायचे ते दोघांच्या सल्ल्याने आणि राजीखुशीने, असेही सांगितले आहे. ही आयत तलाकच्या आयतींबरोबर येते हे लक्षात घ्या. विभक्त झालेल्या बाईचा एवढा विचार असेल, तर घरातल्या पत्नीचा किती असायला हवा!

२०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. पण आपले कितीतरी पुरुष गॅरेजमध्ये, दुकानात, रिक्षावर आहेत. ते रजेचा अर्ज कोणाकडे करणार? म्हणून रजा नाही तर निदान तास काढायला हवेत. माझे शौहर फजरनंतर दोन तास बाळाला सांभाळतात आणि मी झोपते. लंगोट बदलताना पाहून नात्यातल्या काहींनी त्यांना ‘जोरू का गुलाम’ म्हटले. रसूलुल्लाह (स.) घरात काय करत, या प्रश्नाला हजरत आयशा (रजि.) यांनी दिलेले उत्तर बुखारीत आहे: ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. हसणाऱ्यांनी ही हदीस एकदा वाचावी.

आणखी एक गोष्ट. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे बहुतेकींना होते. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, झोप उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, तर त्याला नजर म्हणून सोडून देऊ नका. दुआ करा, पढून फुंका, पण डॉक्टरकडेही न्या. हा आजार आहे, त्याला इलाज आहे. त्यात त्या मुलीचा काही कसूर नाही.

आईच्या पायाखाली जन्नत आहे असे आपण मुलांना शिकवतो. ती आई तीस वर्षांनी म्हातारी झाल्यावर सुरू होत नाही, ती आज रात्री तीन वाजता जागी आहे. तेव्हा पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल तर झबल्याबरोबर जेवणाचा डबा न्या. चहा स्वतः करा. आणि तासभर बाळ मांडीवर घेऊन तिला सांगा, जा बेटा, झोप.