विडीच्या बंडलावरचे नाव कोणाचे?

व्यापारचिन्हांचा कायदा म्हणजे भांडवलदारांची आपापसांतील भांडणे मिटविण्याचा कायदा, कामगार चळवळीला त्याच्याशी काय करावयाचे आहे, असा समज आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांत रूढ आहे. सहकारी संस्था काढताना भागभांडवल, कच्चा माल, बाजारपेठ या साऱ्यांचा खल होतो. मालाचे नाव मात्र उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुचेल ते ठेवले जाते आणि त्याची नोंदणी कोणाच्याच ध्यानात येत नाही. विडी धंद्याचा इतिहास या समजाविरुद्ध साक्ष देतो.

विडी वळण्यास यंत्र लागत नाही. तेंदूची पाने, तंबाखू, दोरा, कात्री आणि मांडीवरचे सूप एवढ्यावर काम भागते. मग मालकाजवळ असे काय असते, जे कामगाराजवळ नसते? खेळते भांडवल असते, हे खरे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बंडलावरचे लेबल. निपाणी, सिन्नर वा सोलापूर येथे बाई घरी बसून हजार विड्या वळते, ठेकेदार त्यांतून छाट काढतो, आणि मालकाचे लेबल चिकटल्यानंतरच तो माल अमुक विडी म्हणून बाजारात ओळखला जातो. गिऱ्हाइकाचा विश्वास नावावर असतो. तो वर्षानुवर्षे एकसारखी विडी वळणाऱ्या हातांनी कमावलेला असतो. कायद्याच्या दप्तरी मात्र तो मालकाच्या खाती जमा होतो.

१९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने कायदा केला. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला आणि ठेकेदारामार्फत काम करवून घेणारा व्यापारचिन्हाचा धनी हा मुख्य मालकच होय, असे स्पष्ट केले. तेव्हा लेबल हा कामगारांच्या हातातील पुरावाही आहे. म्हणूनच ‘खरेदी-विक्री’ची पळवाट वापरली जाते: कागदोपत्री ठेकेदार हा स्वतंत्र उत्पादक, आणि मालक त्याच्याकडून तयार विड्या केवळ ‘विकत’ घेऊन त्यांवर आपले नाव लावणार. नाव हवे, नावामागचे कामगार नकोत!

केरळात या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या सरकारने हा कायदा अमलात आणण्याचे ठरविताच, १९६८ मध्ये मंगलोरच्या गणेश विडीवाल्यांनी कण्णूर भागातील आपली केंद्रे बंद केली. सुमारे बारा हजार कामगार रस्त्यावर आले. १९६९ च्या फेब्रुवारीत त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. भागभांडवलाचा बहुतेक हिस्सा सरकारने कर्जाऊ दिला. विड्या वळण्याचे काम प्राथमिक संस्थांकडे, तर तंबाखू व पानांची खरेदी आणि विक्री मध्यवर्ती संस्थेकडे, अशी रचना होती. सर्वांच्या मालावर नाव एकच: दिनेश. वळणारेच आता नावाचे धनी झाले. पुढे तंबाखूचा खप घसरू लागला (विडीने होणारे नुकसान वळणाऱ्या बायांच्या छातीलाही ठाऊक आहे, तेव्हा या घसरणीबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत), तेव्हा याच नावाने मसाले, छत्र्या, तयार कपडे बाजारात आले. नाव हाती नसते, तर हे वळण घेता आले असते काय?

आणि त्या गणेश विडीचे काय झाले? भागीदारी मोडल्यावर १९९४ साली तो धंदा ९२ कोटी रुपयांच्या बोलीला विकला गेला. व्यापारचिन्हांवर घसारा मिळावा म्हणून आयकर खात्याशी चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये घेणाऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. नावाला यंत्रसामग्रीप्रमाणे घसारा मिळतो. वळून वळून वाकलेल्या बोटांचा घसारा कोणत्या खात्यात धरतात, हे त्या निकालपत्रात शोधण्यात अर्थ नाही.

सध्याचा कायदा १९९९ चा, २००३ पासून अमलात आलेला. लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी २०१७ च्या नियमांनी दर वर्गास ४,५०० रुपये ठरविली. नोंदणी दहा वर्षे टिकते व नूतनीकरण करता येते. वर्गांचे भान मात्र हवे. विडी ३४ व्या वर्गात, छत्री १८ व्या, कपडे २५ व्या. एकीकडची नोंदणी दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायद्याने काही संरक्षण आहे, पण तो वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून जुनी बिले, लेबलांचे नमुने, छापखान्याच्या पावत्या रद्दीत घालू नयेत. अनेक संस्थांच्या संघाला याच कायद्याने ‘सामूहिक चिन्ह’ नोंदविता येते. ते कोणी व कसे वापरावे याचे नियम अर्जासोबत द्यावे लागतात. बचत गटांच्या महासंघांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

सरकारचे धोरण नेहमीच लहानांच्या सोयीचे असते, असे मात्र नव्हे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा नोंदणीकृत नावाच्या पिठावर पाच टक्के कर आणि बिननोंदणीच्या पिठाला माफी, असा प्रकार होता. नाव नोंदवणे हाच गुन्हा ठरावा तसा. २०२२ मध्ये तो निकष बदलला.

खरा धोका विक्रीचा आहे. नोंदलेले चिन्ह धंद्याच्या लौकिकासह किंवा त्याविना, कसेही विकता येते. विकत घेणारा ते पुरूनही टाकू शकतो. १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेची पेये नावानिशी घेतली आणि त्यांतले ‘गोल्ड स्पॉट’ पुढे बाजारातून नाहीसे झाले. कामगार सहकारी संस्थांनी म्हणूनच नोंदणी अध्यक्षाच्या वा चिटणिसाच्या नावे न करता संस्थेच्याच नावे करावी, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाविना नाव विकता वा गहाण टाकता येणार नाही, असे कलम पोटनियमांत घालावे. उद्या अवसायक आला तर त्याला ते कितपत बांधील ठरेल हा वेगळा प्रश्न. चालू संचालक मंडळाला जाब विचारण्यास ते पुरेसे आहे.