अपवाद की वहिवाट?

वृत्तपत्रांत अधूनमधून एक चार ओळींची बातमी येते. अमुक विषयावर वटहुकूम काढण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले, एवढाच तिचा मथितार्थ असतो. सुशिक्षित वाचक ती वाचतो, निर्णय आपल्या मनाजोगता असला तर समाधानाने मान डोलावतो, नसला तर सरकारला दोन शब्द सुनावतो आणि पान उलटतो. निर्णय बरा की वाईट याची चर्चा होते. तो ज्या वाटेने आला त्या वाटेची मात्र होत नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या वाटेविषयी.

आपली राज्यव्यवस्था संघराज्यात्मक आहे, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचले आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन सूची आहेत. काही विषयांवर केंद्राने कायदे करावयाचे, काहींवर राज्यांनी, आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघांनीही. परंतु केंद्र आणि राज्य या दोन्ही ठिकाणी कायदा करणारा हात एकच असावा, असा घटनेचा आग्रह आहे. तो हात विधिमंडळाचा. मंत्रिमंडळाने कारभार करावा, विधिमंडळाने कायदा करावा, आणि मंत्रिमंडळ केलेल्या कारभाराबद्दल लोकनियुक्त सभागृहाला जबाबदार असावे, हा या रचनेचा कणा होय. केंद्रात याला आणखी एक जोड आहे. लोकसभा जनतेची, तर राज्यसभा घटक राज्यांची. महाराष्ट्राचे लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 सभासद बसतात. साधारण विधेयकाला या दोन्ही सभागृहांतून जावे लागते ते शोभेसाठी नव्हे. दिल्लीत होणाऱ्या कायद्यावर राज्यांचीही नजर फिरावी, यासाठी.

या नियमाला घटनेनेच एक अपवाद ठेविला आहे, तो वटहुकुमाचा. 123 व्या अनुच्छेदाने तो अधिकार राष्ट्रपतींस आणि 213 व्या अनुच्छेदाने राज्यपालांस दिला आहे. ते तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. म्हणजे व्यवहारात तो मंत्रिमंडळाचाच अधिकार आहे. मात्र त्याला दोन कुंपणे आहेत. अधिवेशन चालू नसावे आणि तात्काळ कृती करणे भाग पडावे अशी परिस्थिती असावी, हे पहिले. वटहुकूम सभागृहांपुढे ठेविला जावा आणि सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांच्या आत त्याचे कायद्यात रूपांतर न झाल्यास तो आपोआप गतप्राण व्हावा, हे दुसरे. दोन बैठकींमधील अंतर सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. तेव्हा कोणत्याही वटहुकुमाचे आयुष्य फार तर साडेसात महिन्यांचे, हा घटनाकारांचा साधा हिशेब होता.

हा अधिकार आला कोठून, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. इंग्लंडच्या राजाला केवळ स्वतःच्या फर्मानाने नवा कायदा करता येणार नाही, असा निर्वाळा तेथील न्यायाधीशांनी 1610 सालीच दिला होता. पण जे आपल्या राजाला नाकारले, ते इंग्रजांनी हिंदुस्थानात आपल्या गव्हर्नर जनरलला 1861 च्या कायद्याने बहाल केले. 1932 साली कायदेभंगाची चळवळ चिरडण्यासाठी लॉर्ड विलिंग्डन यांनी ज्या वटहुकुमांचा वरवंटा फिरविला, ते याच परंपरेतील. परसत्तेचे हे हत्यार स्वतंत्र भारताच्या घटनेत का असावे, असा प्रश्न घटना समितीत काही सभासदांनी विचारलाच होता. त्यावर डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे की, विधिमंडळ बसलेले नसताना प्रचलित कायद्याने निभणार नाही असा प्रसंग अकस्मात उद्भवू शकतो, आणि त्या वेळी सरकार हात बांधून उभे राहू शकत नाही. हे उत्तर रास्त होते. पण त्यातील प्रत्येक शब्द अपवादाचा आहे.

अपवादाची वहिवाट कशी होते, हे पहिल्यांदा ज्यांना खुपले त्यांत लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. 1950 साली आणि पुन्हा 1954 साली त्यांनी सरकारला पत्रे लिहून बजाविले की, निकडीचा प्रसंग सोडून वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही आणि वेळ अपुरा पडतो हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पंडित नेहरूंनी तत्त्व मान्य केले, पण संसदेच्या कामकाजाला विलंब लागतो याकडेही बोट दाखविले. सभापती आणि पंतप्रधान एकाच पक्षाचे, एकाच लढ्यातून आलेले, एकमेकांविषयी आदर बाळगणारे. तरीही सभागृहाच्या अधिकारासाठी सभापतीने पंतप्रधानाला लेखी टोकले. हा प्रसंग आज पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे.

मावळंकरांची भीती अनाठायी नव्हती. 1969 साली 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम 19 जुलै रोजी निघाला. संसदेचे अधिवेशन 21 जुलैला भरावयाचे होते. राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. दोन दिवस थांबता येत नव्हते काय, हा आमचा प्रश्न आहे.

पण केंद्राचे दोन दिवस म्हणजे काहीच नव्हेत, असे वाटावयास लावणारी गोष्ट बिहारमध्ये घडली. ती उजेडात आणण्याचे श्रेय पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांचे. जमिनीविषयीच्या कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या या संशोधकाच्या लक्षात आले की, बिहारात मुदत संपत आलेला वटहुकूम कायद्यात रूपांतरित न करता जसाच्या तसा पुन्हा काढण्याचा शिरस्ताच पडला आहे. त्यांनी राजपत्रे चाळून हिशेब मांडला. 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम असे पुनःपुन्हा काढून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यात आले होते. उसाच्या पुरवठ्यासंबंधीचा एक वटहुकूम तर जवळजवळ 14 वर्षे चालला. साडेसात महिन्यांचा पाहुणा घरधनी होऊन बसला! वाधवा केवळ पुस्तक लिहून थांबले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1986 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही पद्धत म्हणजे घटनेची फसवणूक होय, असा निकाल दिला आणि वाधवांना खर्चादाखल 10,000 रुपये देण्याचा हुकूम बिहार सरकारला केला. एका प्राध्यापकाने नेटाने केलेल्या कारकुनी कष्टांतून घटनेचे एवढे रक्षण झाले, याचा पुण्याला आणि महाराष्ट्राला अभिमान वाटावयास हवा.

निकाल लागला; वहिवाट मात्र थांबली नाही. त्याच बिहारात डिसेंबर 1989 मध्ये 429 खाजगी संस्कृत शाळा एका वटहुकुमाने सरकारने ताब्यात घेतल्या. तो वटहुकूम पुन्हा पुन्हा काढला गेला, एकदाही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही आणि 1992 च्या एप्रिलअखेर लुप्त झाला. शिक्षकांना वाटले होते की, आपण आता सरकारी नोकर झालो. पगारासाठी त्यांनी न्यायालयाची पायरी चढली, आणि 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अंतिम उत्तर दिले: वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे, हे वटहुकूम घटनेची फसवणूक करणारे होते, म्हणून त्यांपासून शिक्षकांना कोणताही हक्क मिळाला नाही. दिलेले पगार परत घेऊ नयेत, एवढाच काय तो दिलासा. निकाल कायद्याने अचूक आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. पण एके काळी हाती खडू धरलेल्या आम्हांस त्या शिक्षकांचा विसर पडत नाही. कायदा केला नाही सरकारने, आणि पंचवीसहून अधिक वर्षांनी रिकाम्या हाताने घरी गेले ते मास्तर. वटहुकूम ही पंडितांच्या वादाची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या शाळांकडे पाहावे.

आता केंद्राकडे वळू. भूसंपादनाच्या कायद्यात बदल करणारा वटहुकूम 31 डिसेंबर 2014 रोजी निघाला. लोकसभेने त्याचे विधेयक मार्च 2015 मध्ये मंजूर केले. राज्यसभेत सरकारपाशी बहुमत नव्हते. तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली, आणि दोन्ही सभागृहे एकाच वेळी सत्रात नाहीत या आधारावर 3 एप्रिलला वटहुकूम पुन्हा निघाला. मे अखेर तो तिसऱ्यांदा काढला गेला आणि 31 ऑगस्टला अखेर सोडून देण्यात आला. अक्षर पाळले गेले, अर्थ पायदळी गेला. जे सभागृह राज्यांच्या वतीने अडवील अशी भीती होती, त्याचेच दार आधी बंद करण्यात आले.

2020 साली शेतमालाच्या व्यापारासंबंधी तीन वटहुकूम 5 जूनला निघाले. शेती आणि बाजार हे विषय राज्यसूचीतील. कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा तर आपल्याच विधिमंडळाने केलेला. केंद्राने समवर्ती सूचीतील अन्नधान्याच्या व्यापाराच्या नोंदीचा आधार घेतला. हा आधार पुरेसा होता की नाही, हे शांतपणे तपासण्याचे स्थान म्हणजे संसदेची समिती. विधेयके समितीकडे गेलीच नाहीत. 20 सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली असता, गदारोळात दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले, आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते तिन्ही कायदे चर्चेविना रद्दही झाले. त्या कायद्यांत काही हिताचे होते असे मानणाऱ्यांनी तरी विचार करावा: घाईने आलेला कायदा घाईनेच गेला. जी चर्चा सभागृहात नाकारली जाते ती रस्त्यावर होते, आणि रस्त्यावर दुरुस्त्या सुचविता येत नाहीत.

या दोषाला पक्ष नाही. काँग्रेसने तो केला, भारतीय जनता पक्षाने केला, आघाड्यांनीही केला. महाराष्ट्रानेही हात धुतलेले नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी आपल्या सरकारने 2021 साली वटहुकुमाचा मार्ग धरला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयाला हवी होती आकडेवारीची पडताळणी. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

सरकारपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. सभागृहात गोंधळ होतो, विरोधक कामकाज बंद पाडतात, मग राज्यकारभार थांबवावा काय? गोंधळ होतो हे खरे, आणि त्याबद्दल विरोधकांना दोष देण्यास आम्ही कधी कचरलो नाही. पण सभागृहाला बसावयास वेळ तरी किती दिला जातो? पहिल्या लोकसभेच्या 677 बैठकी झाल्या होत्या. 2019 ते 2024 या सतराव्या लोकसभेच्या झाल्या 274. वर्ग भरवायचेच कमी, आणि अभ्यास पुरा होत नाही म्हणून मुलांना घरी बसवून निकाल लावायचा, असा हा न्याय आहे.

उपाय अवघड नाहीत आणि त्यांना घटनादुरुस्तीचीही गरज नाही. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या बैठकींचे दिवस वर्षारंभी जाहीर व्हावेत आणि ते पाळले जावेत. वटहुकूम का काढावा लागला याचे निवेदन विधेयकासोबत ठेवण्याचा नियम लोकसभेत आहे. ते निवेदन उपचार न राहता त्यावर पहिल्याच आठवड्यात चर्चा व्हावी. अधिवेशनाची तारीख ठरल्यानंतर वटहुकूम काढणे संकेताने निषिद्ध मानावे. आणि राज्यांच्या अधिकाराला स्पर्श करणारा विषय वटहुकुमाने हाताळलाच जाऊ नये. तेथे समितीची पडताळणी हाच राजमार्ग.

यांतील काहीही सरकारे आपण होऊन करणार नाहीत. सत्तेला आडवाट सापडली की हमरस्ता लांबचा वाटतो. तिला हमरस्त्यावर ठेवण्याचे काम सभापतींचे आहे, न्यायालयांचे आहे. पण त्याआधी ते आमच्या वाचकांचे आहे. पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी वाचाल तेव्हा, वटहुकूम आपल्या हिताचा असला तरीही, एक प्रश्न आपल्या आमदार-खासदारांस अवश्य विचारा: अशी कोणती निकड होती, की तुमची वाट पाहता आली नाही? या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही, तर अपमान झाला तो त्यांचा एकट्याचा नव्हे. ज्या मताने त्यांना तेथे पाठविले, त्या तुमच्या मताचाही तो आहे.